कॉम्प्युटर सारखा बंद पडून रिस्टार्ट होतोय? फॉरमॅट मारण्याआधी घरची लाईट तपासा

फॉर्म भरून झालेला असतो. फोटो, सही, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सगळं अपलोड झालेलं असतं. फक्त फी भरायची राहिलेली असते आणि नेमकी तेव्हाच स्क्रीन काळी होते. पंखा एकदा घरघरतो, कंपनीचं नाव झळकतं आणि कॉम्प्युटर पहिल्यापासून चालू व्हायला लागतो. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. घरातली पोरगी रडकुंडीला येते, वडील म्हणतात, "सांगत होतो, जुना घेऊ नका," आणि दुसऱ्या दिवशी तो डबा मोटारसायकलवर मांडीत धरून तालुक्याच्या दुकानात नेला जातो.

दुकानात बहुतेक वेळा निदान तयारच असतं. "काका, विंडोज उडालीय. फॉरमॅट मारावा लागेल." चार-पाचशे रुपये जातात, सी ड्राईव्ह पुसला जातो, नवी विंडोज पडते. मशीन दुकानात दोन तास छान चालतं. घरी आणून जोडलं की संध्याकाळी सातला पुन्हा बंद. आता दुकानदार "मदरबोर्ड गेला" म्हणतो आणि गोष्ट पाचशेवरून काही हजारांवर जाते.

यात दुकानदार लबाड असतोच असं नाही. त्याच्याकडे इन्व्हर्टर असतो, अर्थिंग असतं, बाजारपेठेत व्होल्टेजही बरं असतं. मशीन त्याच्या टेबलावर रिस्टार्ट झालंच नाही तर त्याला दिसणार काय? म्हणून तपासणीचा पहिला भाग घरीच करावा लागतो. त्याला कुठला कोर्स लागत नाही, एक वही, एक मोबाईल आणि दोन-तीन दिवसांचा धीर लागतो.

आधी आतला माल बाहेर काढा

कॉम्प्युटर अधूनमधून का होईना चालू होतोय, तोवर पहिलं काम एकच. आतल्या फाईली पेनड्राईव्हवर किंवा दुसऱ्या हार्ड डिस्कवर घ्यायच्या. कित्येकांना माहीत नसतं की डेस्कटॉप, डाऊनलोड्स आणि डॉक्युमेंट्स हे तिन्ही सहसा सी ड्राईव्हमध्येच असतात आणि फॉरमॅटमध्ये पुसला जातो तो सी ड्राईव्हच. डाऊनलोड केलेले सातबारे, शाळेचे दाखले, लग्नाचे फोटो, दूध संकलनाचा हिशोब, दुकानाचा टॅलीचा डेटा, सगळं त्यात जातं. "डी मध्ये टाकून ठेवलंय" हाही पुरता भरवसा नाही. घरच्या बहुतेक कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन कप्पे असतात. डिस्कच मेली तर दोन्ही जातात.

फाईली घेतल्यावर पेनड्राईव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला किंवा केबल असेल तर मोबाईलला लावून दोन-चार फाईली उघडून बघाव्यात. कॉपी करतानाच मशीन बंद पडलं असेल तर फाईलचं नाव दिसतं, पण आत काही नसतं.

फी भरताना बंद पडला असेल तर घाईने दुसऱ्यांदा पैसे भरू नयेत. आधी बँकेचा मेसेज बघावा, मग मोबाईलवरून फॉर्मच्या लॉगिनमध्ये जाऊन पेमेंटची स्थिती बघावी. तिथे 'पेंडिंग' दिसत असेल तर थोडं थांबावं. एकाच फॉर्मची फी दोनदा कापली गेली की ती परत मिळवायला हेलपाटे पडतात.

कधी बंद पडतो, ते लिहून ठेवा

कॉम्प्युटर बंद पडला की चिडून आपण बटण दाबतो आणि वेळ विसरून जातो. त्यापेक्षा मॉनिटरशेजारी एक कागद चिकटवावा. तारीख, वेळ, तेव्हा कोणतं काम चालू होतं, घरातला पंखा-बल्ब त्या क्षणी मंद झाला का, आणि शेजारी मोटर, गिरणी किंवा मिक्सर सुरू झाला का. आठ-दहा नोंदी झाल्या की बरंच काही आपोआप दिसायला लागतं. रोज संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेतच होत असेल तर संशय लाईटवर. सकाळी गार असताना तासभर चालतो आणि दुपारी पंधरा मिनिटांत मान टाकतो, तर संशय उष्णतेवर. गेम किंवा व्हिडिओ लावला की लगेच पडतो, तरीही उष्णता किंवा एसएमपीएस. कधीही, कशानेही, नुसता पडून असतानाही होत असेल तर रॅम, सैल वायर किंवा एखादं बटण.

बंद पडतो कसा हेही तितकंच महत्त्वाचं. लाईट गेल्यासारखा झपकन काळा होतो, की आधी निळा पडदा आणि इंग्रजी अक्षरं दिसतात? विंडोज ११ च्या नव्या आवृत्तीत हा पडदा आता निळ्याऐवजी काळा असतो, पण त्यावर अक्षरं असतातच. झपकन काळा म्हणजे विंडोजला काही कळायच्या आत वीज तुटली. अक्षरं दिसली म्हणजे विंडोजला काहीतरी चुकल्याचं कळलं आणि तिने स्वतः मशीन थांबवलं.

पडदा एखाद्या सेकंदात निघून जातो, वाचता येत नाही. यासाठी सोपी युक्ती म्हणजे मोबाईल समोर टेकवून व्हिडिओ चालू ठेवायचा. बंद पडला की व्हिडिओ मागे घेऊन थांबवायचा. हाच व्हिडिओ पुढे दुकानदारालाही दाखवता येतो आणि "आमच्याकडे तर चालतोय" हा विषय तिथेच संपतो.

अर्ध्या तासाची एक परीक्षा

दोष विंडोजमध्ये आहे की मशीनमध्ये, हे ओळखायची एक बिनखर्ची परीक्षा आहे आणि ती फारसं कुणी करत नाही. कॉम्प्युटर चालू करताना लगेच डिलीट किंवा एफ २ हे बटण टकटक दाबत राहायचं. कोणतं बटण ते कंपनीप्रमाणे बदलतं, बहुतेक वेळा सुरुवातीच्या स्क्रीनवर खाली लिहिलेलं असतं. जी स्क्रीन उघडते तिला बायोस म्हणतात. तिथे काहीही बदलायचं नाही. फक्त मशीन तसंच अर्धा-पाऊण तास सोडून द्यायचं, तेही रोज ज्या वेळेला बंद पडतो त्याच वेळेला.

बायोसमध्ये असताना विंडोज सुरूच झालेली नसते. तिथेही मशीन रिस्टार्ट झालं तर विंडोजचा, व्हायरसचा, अपडेटचा काडीचाही संबंध नाही, आणि फॉरमॅट मारून एक पैचा फायदा होणार नाही. दोष वीज, उष्णता किंवा एखाद्या भागात आहे. बायोसमध्ये तासभर टिकलं आणि विंडोजमध्ये गेलं की लगेच पडलं, तर विंडोजवरचा संशय वाढतो. मात्र बायोसमध्ये मशीनवर कामाचा ताण नसतो, म्हणून टिकलं याचा अर्थ सगळे भाग ठणठणीत आहेत असा घेऊ नये.

लाईटचं दुखणं

आपल्याकडे घरगुती वीज २३० व्होल्टची धरलेली आहे. गावात, त्यातही डीपीपासून लांबच्या घरात, संध्याकाळी ती खूप खाली येते हे सांगायला मीटर लागत नाही, पंखाच सांगतो. कॉम्प्युटरच्या डब्यात मागच्या बाजूला जिथे वायर खोचतात तिथे एसएमपीएस नावाची पेटी असते. ती २३० व्होल्टची वीज घेऊन आतल्या भागांना १२, ५ आणि ३.३ व्होल्ट देते. व्होल्टेज थोडंफार खालीवर झालं तर चांगली पेटी ते सांभाळते. वीज क्षणभर तुटली तरी तिच्यात साठलेल्या विजेवर ती साधारण पंधरा-वीस मिलिसेकंद तग धरते, म्हणजे एका सेकंदाच्या पन्नासाव्या-साठाव्या भागाइतका वेळ. बोअरची मोटर सुरू होताना बल्ब डोळा मिटल्यासारखा लवतो, तो झटका याहून मोठा असला की कॉम्प्युटर रिस्टार्ट होतो. टीव्ही आणि पंख्याला त्याचं फारसं काही वाटत नाही, म्हणून घरातले म्हणतात, "लाईट तर गेलीच नव्हती."

पेटी जुनी झाली की ही तग धरण्याची ताकद कमी होते. आतले कपॅसिटर फुगतात, वाळतात. पाच वर्षांपूर्वी जो झटका कॉम्प्युटर सहज पचवत होता, त्याच झटक्याला तो आता मान टाकतो. म्हणून "आधी होत नव्हतं, आताच का?" या प्रश्नाचं उत्तर पुष्कळदा एसएमपीएसमध्ये सापडतं. नवी साधी पेटी हजाराच्या आसपास मिळते. दुकानदाराला मदरबोर्ड बदलण्याआधी दुसरी चालू पेटी लावून बघायला सांगावं. पाच मिनिटांचं काम आहे. जुनी पेटी घरी उघडून बघण्याचा मोह मात्र टाळावा. वायर काढल्यावरही तिच्यात तीनशेहून जास्त व्होल्ट काही काळ साठून राहू शकतात.

त्याआधी फुकटातलं तपासून घ्यावं. डब्यामागची काळी वायर पूर्ण आत बसली आहे का? एक्स्टेन्शन बोर्डात पिन हलते का? एकाच बोर्डावर कॉम्प्युटर, टीव्ही, मिक्सर आणि मोबाईलचे तीन चार्जर आहेत का? पिन हलवल्यावर चर्रर्र असा आवाज येत असेल किंवा सॉकेटजवळ प्लास्टिक पिवळं-काळं पडलं असेल तर तो बोर्ड आजच फेकावा, त्यात कॉम्प्युटरपेक्षा घराचा धोका मोठा आहे. कॉम्प्युटर दोन दिवस दुसऱ्या खोलीतल्या, भिंतीतल्या सॉकेटवर लावून बघावा. शेजाऱ्याची हरकत नसेल तर एक संध्याकाळ त्यांच्या घरी चालवावा. तिथे चालला आणि इथे पडला, तर कॉम्प्युटरला दोष देण्यात अर्थ नाही.

यूपीएस असलेल्या घरात एक वेगळीच गंमत होते. डबा टेबलाखाली आहे, हिरवा दिवा लागलेला आहे, म्हणून सगळे निर्धास्त असतात. पण आतली बॅटरी, साधारण १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची, दोन-तीन वर्षांत दमते. उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत तर लवकरच. बॅटरी मेलेला यूपीएस लाईट असेपर्यंत व्यवस्थित वाटतो आणि पहिल्याच झटक्याला कॉम्प्युटरसकट बसतो. तपासायचं सोपं आहे. कॉम्प्युटर बंद करून यूपीएसवर एक बल्ब लावावा आणि भिंतीतलं बटण बंद करावं. बल्ब लगेच विझला तर बॅटरी बदलायची. यूपीएसच्या मागे इनपुटची मर्यादा छापलेली असते, तीही वाचावी. घरात संध्याकाळी येणारं व्होल्टेज त्या मर्यादेच्या खाली जात असेल तर यूपीएस सारखा बॅटरीवर जातो, तिला चार्ज व्हायला सवड मिळत नाही आणि ती आणखी लवकर मरते.

घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर त्याच्यावर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' किंवा 'इको' असं छोटं बटण आहे का बघावं. नॉर्मलवर ठेवलं तर लाईट गेल्यावर इन्व्हर्टर बॅटरीवर यायला जरा जास्त वेळ घेतो. पंख्याला तो कळत नाही, कॉम्प्युटर मात्र तेवढ्यात रिस्टार्ट होतो. हे बटण यूपीएसकडे केलं की काही घरांत दुखणं तिथेच संपतं. याची दुसरी बाजू अशी की यूपीएस मोडवर इन्व्हर्टर कमी व्होल्टेज चालवून घेत नाही, लगेच बॅटरीवर जातो. ज्या गावात संध्याकाळभर व्होल्टेज पडलेलं असतं तिथे बॅटरी लवकर उतरेल, हे धरून चालावं.

डब्याच्या लोखंडाला हात लावला की झिणझिण्या येतात का? अनवाणी असताना जास्तच? याचा अर्थ त्या सॉकेटमध्ये अर्थिंग नाही, किंवा नावाला आहे. एसएमपीएसमध्ये जो फिल्टर असतो तो थोडीशी वीज डब्याच्या लोखंडावर आणून सोडतो आणि ती तिसऱ्या, जाड पिनेतून जमिनीत जाणं अपेक्षित असतं. तिसरी पिनच कापून दोन पिनांच्या सॉकेटात घुसवलेली वायर गावोगावी दिसते. मग ती वीज हाताला कळते, पेनड्राईव्हला आणि इंटरनेटच्या केबललाही. फक्त त्यामुळेच रिस्टार्ट होईल असं खात्रीने म्हणता येत नाही, पण मशीनचं आयुष्य त्यात जातं आणि माणसाचाही धोका आहे. अर्थिंग केलेलं असलं तरी एप्रिल-मे मध्ये खड्डा कोरडा पडतो. तिथे आठवड्यातून बादलीभर पाणी ओतावं.

आणखी एक लक्षण हलक्यात घेऊ नये. मोटर चालू-बंद होताना पंखा मध्येच नेहमीपेक्षा जोरात फिरतो, एकामागून एक बल्ब उडतात, मोबाईलचा चार्जर जळतो. हा न्यूट्रल सैल झाल्याचा प्रकार असू शकतो. त्यात व्होल्टेज २३० च्या खूप वर जातं आणि घरातली सगळी उपकरणं एका झटक्यात जाऊ शकतात. अशा वेळी मेन स्विच बंद करून लाईनमनला कळवावं, महावितरणकडे १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवावा. खांबावर किंवा डीपीवर स्वतः कुणी हात घालू नये. आणि वळवाच्या पावसात वीज कडाडायला लागली की कॉम्प्युटरची पिन काढताना इंटरनेटची केबलही काढायची असते. नुसतं बटण बंद करून पुष्कळांचे मदरबोर्ड गेलेले आहेत.

धूळ, धूर आणि पाल

गावातल्या कॉम्प्युटरचं दुसरं मोठं दुखणं म्हणजे धूळ. मळणीचा भुसा, कापसाचे तंतू, रस्त्याची माती, चुलीचा धूर. हे सगळं पंख्यातून आत ओढलं जातं आणि प्रोसेसरवरच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांमध्ये नमद्यासारखा थर बसतो. हवा खेळत नाही. प्रोसेसर तापला की आधी आपला वेग कमी करतो, त्यामुळे मशीन रखडतं, आणि १०० अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचला की स्वतःला वाचवण्यासाठी सरळ बंद पडतो. पंधरा मिनिटांनी गार झाला की पुन्हा चालू होतो. गरम झाल्याने बंद पडलेला कॉम्प्युटर बहुधा बंदच राहतो, लगेच रिस्टार्ट होत नाही. वीज आणि उष्णता यांतला फरक ओळखायला ही खूण उपयोगी पडते. तापमान बायोसच्या स्क्रीनवर आकड्यात दिसतं. काही काम नसताना तिथेच ८०-९० दिसत असेल तर आणखी पुरावा नको.

साफ करताना पिन काढावी, पाच-दहा मिनिटं थांबावं, डब्याची डावी झडप उघडून अंगणात न्यावा. ब्लोअर किंवा मऊ रंगाचा ब्रश वापरावा. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवावं, नाहीतर हवेच्या जोराने ते भन्नाट फिरून त्याचं बेअरिंग जातं. ओलं फडकं अजिबात नको. टायर पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर जवळून मारू नये, त्यात दाब जास्त आणि पाण्याचे थेंबही असतात. डबा उघडला की आत मेलेली पाल, मुंग्यांचं वारूळ किंवा उंदराने कुरतडलेली वायर दिसली तर नवल वाटून घेऊ नये. मागच्या बाजूची एखादी पत्र्याची पट्टी निघालेली असते, ते बीळच होतं.

प्रोसेसर आणि पात्यांच्या मध्ये राखाडी पेस्ट असते. पाच-सहा वर्षांत ती वाळून खडूसारखी होते. नवी पेस्ट लावायला दुकानात शे-दोनशे रुपयांत भागतं. पंख्याच्या चार प्लास्टिकच्या कळांपैकी एखादी निसटलेली असली तरी हेच लक्षण दिसतं. पूर्वी मोटारसायकलवर हेलकावे खात नेलेल्या मशीनमध्ये हे हमखास बघावं.

लॅपटॉप असेल तर गादी आणि गोधडीवर ठेवायचा नाही, खालची जाळी बुजते. लॅपटॉपवाल्यांना एक सोय मात्र आहे. चार्जर काढून नुसत्या बॅटरीवर चालवून बघता येतो. बॅटरीवर नीट चालला आणि चार्जर लावल्यावर पडला, तर चार्जर किंवा घरची लाईट पकडली गेली.

रॅम आणि एक रुतलेलं बटण

रॅमची पट्टी तिच्या खाचेत नीट बसलेली नसली किंवा तिच्या सोनेरी दातांवर मळ बसला की कॉम्प्युटर कधीही रिस्टार्ट होतो, कधी चालू होताना बीप-बीप वाजतो. वीज पूर्ण तोडून, आधी डब्याच्या लोखंडाला हात लावून, दोन्ही बाजूंच्या चिमट्या मागे करून पट्टी काढायची, दातांवरून पांढरा खोडरबर हलकेच फिरवायचा, चुरा झटकायचा आणि 'कट' आवाज येईपर्यंत परत बसवायची. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून एकेक दिवस चालवावं. विंडोजमध्ये 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणीही आहे, स्टार्टमध्ये शोधली की मिळते. रात्री लावून ठेवावी.

आणि पुढचं रिसेटचं बटण! धुळीने किंवा लहान पोरांच्या बोटांनी ते आत रुतून बसतं आणि मशीन बिचारं आज्ञा पाळत राहतं. बटण मोकळं करूनही शंका वाटली तर दुकानदार मदरबोर्डवरून त्याची वायर काढून ठेवतो. त्यावाचून काही अडत नाही.

मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल बदलायलाही पुष्कळ जण सांगतात. तो संपला की तारीख आणि वेळ मागे जाते आणि मग सरकारी साईट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत. तेवढ्यासाठी तो बदलावा. पण चालू मशीन मध्येच रिस्टार्ट होण्याचं कारण तो क्वचितच असतो.

निळा पडदा आणि त्याच्या आडची फसवणूक

पडद्यावर अक्षरं येत असतील तर खाली 'स्टॉप कोड' असतो. त्यात मेमरी हा शब्द असेल तर आधी रॅम बघावी. बूट डिव्हाईस असा उल्लेख असेल तर डिस्क किंवा तिची केबल. एखाद्या फाईलचं नाव दिलं असेल तर बहुधा ड्रायव्हर, म्हणजे प्रिंटर, वायफाय, ग्राफिक्स यांसारख्या भागांना विंडोजशी जोडणारं सॉफ्टवेअर. पडदा लवकर जाऊ नये म्हणून विंडोजच्या 'ॲडव्हान्स्ड सिस्टीम सेटिंग्ज' मध्ये 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' उघडून 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट' समोरची खूण काढता येते.

स्टार्टमध्ये इंग्रजीत 'रिलायबिलिटी' टाईप केलं की एक आलेख उघडतो. त्यात दिवसागणिक लाल फुल्या दिसतात. फुलीवर 'विंडोज नीट बंद झाली नव्हती' या अर्थाची इंग्रजी ओळ एकटीच असेल तर पुन्हा वीज आणि उष्णतेकडे वळावं. ज्या तारखेपासून फुल्या सुरू झाल्या त्याच्या आदल्या दिवशी एखादं अपडेट, नवा प्रिंटर किंवा कुणीतरी दिलेलं फुकट सॉफ्टवेअर टाकलेलं दिसलं, तर ते आधी काढावं. विंडोज सुरूच होत नसेल तर चालू होताना दोन-तीनदा बटण दाबून मुद्दाम बंद केल्यावर दुरुस्तीची स्क्रीन येते, तिथून सेफ मोडमध्ये जाता येतं.

चुकीचं अपडेट काय करू शकतं हे १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राऊडस्ट्राईक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर अडकली. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते सॉफ्टवेअर मोठ्या कंपन्या वापरतात, घरच्या कॉम्प्युटरला त्याची झळ नव्हती. दुरुस्ती मात्र साधी होती, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल काढायची. फॉरमॅट मारायची गरज नव्हती.

फसवणूक वेगळीच. इंटरनेट बघताना अचानक पूर्ण स्क्रीनवर निळा-लाल पडदा येतो, भोंगा वाजतो आणि "कॉम्प्युटर लॉक झाला आहे, या नंबरवर फोन करा" असं लिहिलेलं असतं. खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधीही नसतो. तिथे फोन केला की समोरचा माणूस एक ॲप टाकायला लावतो आणि बँक खात्यापर्यंत पोहोचतो. कंट्रोल, आल्ट आणि डिलीट दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राऊझर बंद करावा, जमलं नाही तर सरळ पॉवरचं बटण पाच-सात सेकंद दाबून धरावं. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनवर फोन करावा.

डिस्कचा आवाज

जुन्या हार्ड डिस्कमधून टिक-टिक किंवा खरवडल्यासारखा आवाज येत असेल, विंडोज उघडायला दहा मिनिटं लागत असतील, फाईली गायब होत असतील, तर डिस्क शेवटच्या घटका मोजतेय. अशा डिस्कवर दुरुस्तीचे आदेश चालवत बसलं तर तिच्यावर ताण वाढतो. फाईली आधी काढायच्या, मग बाकी सगळं. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून "आता अकरा टाकावीच लागेल, नाहीतर असाच रिस्टार्ट होत राहील" असं कुणी सांगत असेल तर त्या दोन गोष्टींचा संबंध नाही. सुरक्षेसाठी नवी विंडोज चांगली, पण जुनी आहे म्हणून मशीन आपोआप बंद पडायला लागत नाही.

दुकानात नेताना

डब्यासोबत तो कागद आणि मोबाईलमधला व्हिडिओ न्यावा. "फॉरमॅट मारून द्या" असं स्वतःहून म्हणू नये, "हे होतंय, कशामुळे ते बघा" असं म्हणावं. डेटा पुसण्याआधी विचारायला बजावून ठेवावं. बदललेला जुना भाग परत मागावा, तो आपलाच असतो. नवा भाग टाकला असेल तर बिलावर त्याचं नाव आणि वॉरंटी लिहून घ्यावी.

आणि मशीन दुकानात सकाळी अकराला चालू करून दाखवलं म्हणून पैसे देऊन लगेच विषय संपवू नये. दुकानदाराशी दोन दिवसांची बोली करावी. घरी आणून नेहमीच्या सॉकेटवर, संध्याकाळी मोटरी सुरू असतात त्या वेळेला, एक मोठा व्हिडिओ लावून दोन तास चालवावं. शेजारच्या मोटरीचा आवाज येऊनही स्क्रीन चालू राहिली, तर पोरीला राहिलेला फॉर्म भरायला बसवता येईल.